एकतिसावा खण

मित्रांनो, मी एक जुनी, अठ्ठेचाळीस खणांची लाकडी पेटी आहे, आणि एका दुपारी साडेतीन तास मी चोर होते.

चोरी मी केली नव्हती. पण माल माझ्याच पोटात होता. तो नेमका कुठे आहे हे मला ठाऊक होतं, आणि माझ्यासमोर दोन बायका रडकुंडीला येऊन तोच शोधत होत्या. मला तोंड नाही. असतं, तर ही गोष्ट चार ओळींत आटोपली असती.

आता सांगते. पण मला सलग पोट नाही, त्यामुळे गोष्टही सलग येणार नाही. एक खण उघडीन, दाखवीन, बंद करीन. मग दुसरा. मधला एखादा अडकतो. त्याला जोर लावू नका.

खण पहिला

मला एका सुताराने घडवलं. त्याची मुलगी तेव्हा माळा ओवायला शिकत होती. तिचे मणी चहाच्या डब्यांत, काड्यापेट्यांत आणि कान तुटलेल्या कपांत भरलेले असत. एकदा तिच्या खोलीत अनवाणी आलेला सुतार एका पायावर नाचतच बाहेर गेला.

"मणी आहेत की काटे पेरलेत गं?" तो तळपाय चोळत म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने फळ्या कापायला घेतल्या.

एकोणीस दिवस लागले. सहा ओळी, एकेका ओळीत आठ खण. चौकोनी खणाच्या कोपऱ्यात मणी जाऊन बसला की तो नखाने टोकरावा लागतो, हे त्याने मुलीच्या बोटांकडे बघून हेरलं होतं. म्हणून माझ्या प्रत्येक खणाचा तळ त्याने वाटीसारखा खोलगट केला. मणी आपोआप मध्ये येतात आणि बोटाच्या टोकाला चिकटून वर येतात. असं काम बाजारात मिळत नाही.

मला मुलीच्या हवाली करताना तो म्हणाला, "वर्षातून एकदा सगळे खण काढायचे. हिला उलटी करायची. पाठीवर दोन थापट्या मारायच्या."

"बाबा, ही पेटी आहे की तान्हं बाळ?"

"दोघांनाही ढेकर काढावा लागतो. लाकूड आहे, आकसतं. फटी पडतात. फटीत काय काय जाऊन बसतं, कळत नाही माणसाला."

ती हसली. पण त्यानंतर बरीच वर्षं तिने मला न चुकता उलटी केलं.

खण दुसरा

ती मुलगी म्हणजे आमची थोरली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मीही हातगाडीवर बसून तिच्या मागोमाग आले. काही वर्षांनी तिच्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ आली. तीही ओवायला बसू लागली. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, टेबलाच्या दोन टोकांना दोघी, आणि भिंतीला पाठ लावून मी.

थोरलीची एक पद्धत होती. ती माझ्या खणांवर चिठ्ठ्या लावत नसे. चिठ्ठी फाटते, शाई उडते. शिवाय 'लाल' लिहिलं तर कुठला लाल? तिच्याकडे अकरा लाल होते. म्हणून खणात जे मणी असतील त्यांतलाच एक ती दोऱ्यात ओवून खणाच्या मुठीला बांधायची. मूठ बघितली की आत काय ते कळायचं. खण रिकामा झाला की मुठीवरचा मणीही निघायचा. रिकामी मूठ म्हणजे रिकामा खण.

माल घ्यायला येणारे व्यापारी आधी माझ्याकडे बघत राहत. "बाई, ही पेटी विकता का?" एकाने विचारलं होतं. थोरली म्हणाली, "आधी मला विकत घ्या, मग तिला."

खरं सांगते, मी तेव्हा फुगले होते. दमट दिवस होते म्हणूनही असेल.

खण सातवा

यात कौतुक नाही.

काम वाढलं. एक वर्ष थोरली म्हणाली, पुढच्या महिन्यात उलटी करू. तो महिना नऊ वर्षं आलाच नाही.

माझा मागचा उजवा पाय भिंतीच्या ओलीने कुजला आणि बोटभर खचला. थोरलीने त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवला. पुठ्ठा दबत गेला. माझं डोकं मागे कलायला लागलं, इतकं थोडं की माणसाच्या डोळ्याला दिसू नये. गोल वस्तूला मात्र ते लगेच कळतं. वरची फळी आणि पाठीची फळी यांच्यामध्ये आकसून फट पडली. बोटभर नाही, मणीभर.

एक थेंब सरस पुरला असता.

खण एकतिसावा

शहरबस चालवणारी एक बाई एका संध्याकाळी गणवेशातच आली. धाकटी तेव्हा चार दिवसांसाठी माहेरी गेली होती, हे ध्यानात ठेवा. बाईने रुमालाची गाठ सोडून टेबलावर मणी ओतले. गडद विटकरी रंगाचे लाकडी मणी, वापरून वापरून तुळतुळीत झालेले. एकसष्ट.

"आईची माळ आहे," ती म्हणाली. "दोरा तुटला. दुकानात नवी माळ मिळते हो, पण ती चालायची नाही."

"का?"

बाईने त्यातला एक मणी शोधून वेगळा काढला. त्यावर खोलगट खूण होती.

"हा माझा दात. पहिला. मी तिच्या मांडीवर बसून हीच माळ चावायचे म्हणे. आता आईला काही आठवत नाही. मला ओळखत नाही, घर ओळखत नाही. पण माळ फिरवता फिरवता अंगठा या मण्यावर आला की थांबते आणि मला हाक मारते. लहानपणच्या नावाने. दिवसातून एकदाच." ती जरा थांबली. "माळ तुटल्यापासून नुसती रिकामी बोटं फिरवतेय. हाक नाही."

थोरलीने मणी दोनदा मोजले. लागणारा पक्का दोरा तिच्याकडे संपला होता. तो येईपर्यंत चार दिवस लागणार होते. "शुक्रवारी पाच वाजता या," ती म्हणाली.

बाई गेल्यावर थोरलीने साठ मणी माझ्या एकतिसाव्या खणात ठेवले. तेवढाच खण रिकामा होता. आणि दाताचा मणी नेहमीच्या पद्धतीने मुठीला बांधला. "तू डोळ्यांसमोरच राहा बाबा," ती त्याला म्हणाली, "म्हणजे हरवायला नकोस."

खण सतरावा

यात नवे मणी होते. लाकडी, गडद विटकरी. तेवढेच मोठे. सातशे तरी असतील.

त्याच्या मुठीला एक विटकरी मणी बांधलेला होता.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तर केव्हाच आलं होतं.

शुक्रवारी दुपारी एक वाजता थोरली दोरा आणायला गेली. आदल्या दिवशीच माहेरून परतलेल्या धाकटीला वाटलं, जाऊबाई येईपर्यंत पेटी लख्ख करून ठेवू. चकित होतील. धाकटीचे हात चपळ, आणि डोकं त्याहून दोन पावलं मागे. थोरली तिला म्हणायची, "मी तुझी जाऊबाई, तू माझी घाईबाई."

तिने माझ्यावरची धूळ पुसली. मुठी पुसता पुसता ती सतराव्यापाशी थांबली. मग एकतिसाव्यापाशी.

"एकाच मण्याला दोन खण!" ती स्वतःशीच हसली. "जाऊबाई पण ना. म्हणे खण पुरत नाहीत."

आणि तिने एकतिसावा खण बाहेर काढून सतराव्यात रिकामा केला.

खडखडखड.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. साठ म्हातारे मणी सातशे पोरांत मिसळले.

मग तिने एकतिसाव्याच्या मुठीची गाठ सोडली. दाताचा मणी दोऱ्यातून काढून माझ्या डोक्यावर ठेवला. एवढ्यात दारावर टकटक झाली. पार्सलवाला. ती वळली.

मणी निघाला.

मी त्याला धरू शकले नाही. मला उतार होता, हात नव्हते. तो मागच्या उजव्या कोपऱ्याकडे सावकाश घरंगळत गेला, फटीच्या काठावर क्षणभर थांबला आणि आत पडला. पाठीच्या फळीला लागून, चौथ्या ओळीच्या मागून, पाचवीच्या मागून, थेट तळाशी, सत्तेचाळिसाव्या खणाच्या मागे.

धाकटी सही करून परत आली. माझं डोकं रिकामं होतं. तिने त्यावरून आणखी एकदा फडकं फिरवलं.

खण विसावा

(हा अडकतो. सोडा. पुढचा उघडा.)

खण बाविसावा

अडीच वाजता थोरली आली. हातात दोरा, कपाळावर घाम. "अगं बाई, चकाचक केलंस!" ती म्हणाली. धाकटी खुलली.

थोरलीने एकतिसावा खण ओढला.

मी तिचा चेहरा बघत होते. आधी तो नुसता थांबला. मग तिने खण पूर्ण बाहेर काढला, उलटा केला, तळावर हात फिरवला. मग मूठ पाहिली.

"यातले मणी?"

"सतराव्यात घातले की. तेच तर होते..." धाकटीचं बोलणं मध्येच तुटलं. "तेच नव्हते?"

थोरलीने सांगितलं. बस चालवणारी बाई, तिची आई, अंगठा, हाक. सांगताना ती ओरडली नाही. ओरडली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"आणि मुठीवरचा? दाताचा?"

"तोही... त्यातच टाकला असेन. त्यातच टाकला मी. दुसरीकडे कुठे टाकणार?"

नाही गं, मी म्हणत होते. नाही. वर. वर ठेवलास.

लाकूड बोललं तर त्याला कुरकुर म्हणतात, आणि कुरकुरीकडे कुणी लक्ष देत नाही.

खण तेविसावा

सतरावा खण टेबलावर ओतला गेला. पांढऱ्या चादरीवर सातशे साठ विटकरी मणी. डोळ्यांना सगळे सारखे.

"रंगाने नाही जमायचं," थोरली म्हणाली. "जाड सुई काढ. दोन काढ."

"जाड कशाला?"

"चाळीस वर्षं दोरा घासलाय या मण्यांना. भोकं मोठी झाली असणार. नव्या मण्यात ही सुई अडकेल. जुन्यातून आरपार जाईल."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. त्या घाईतही तिच्या डोळ्यांत कौतुक होतं.

सुरू झालं. सुई, अडकला, बाजूला. सुई, अडकला, बाजूला. सुई, अडकला. सुई, गेला!

एक.

अडकला. अडकला. अडकला. गेला. दोन. अडकला. तीन. चार. अडकला, अडकला, अडकला, अडकला, अडकला.

"बोलू नका, मोजणं चुकतं."

"मी कुठे बोलतेय? तूच बोलतेयस."

पावणेतीन. तीन. वीस. तीन वाजून दहा. एकेचाळीस. बाहेर रस्त्यावर बस थांबली की दोघी एकदम वर बघायच्या. सव्वातीन. छप्पन. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

साठ.

चादरीवर आता एकच ढीग होता, आणि तो सगळा तपासून झाला होता.

"परत मोज."

साठ.

"दाताचा आहे का त्यात?"

दोघींनी एकेक मणी अंगठ्याखाली फिरवला. सगळे गुळगुळीत.

खण चोविसावा

केरसुणी. केराचा डबा, आधी डोळ्यांनी, मग हातांनी. टेबलाखाली. चपलांत. फडकं झटकलं. धाकटीने स्वतःचे केससुद्धा सोडून झटकले.

थोरलीने बॅटरी घेतली आणि एकतिसाव्या खणाच्या रिकाम्या भोकात हात घातला. तिचा हात मी लहानपणापासून ओळखते. तो आत आला, पाठीच्या फळीला लागला, चाचपडला. मणी तिच्या बोटांच्या बरोबर खाली होता, दोन ओळी खाली. अजून खाली, मी म्हणाले. अजून थोडं.

हात बाहेर गेला.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. "बाबा म्हणायचे, सगळे खण काढून हिला उलटी कर," ती पुटपुटली.

"अठ्ठेचाळीस खण?" धाकटी म्हणाली. "जाऊबाई, साडेतीन वाजत आले. ओवायचं कधी? प्रत्येक मण्यामागे गाठ. आणि मी सतराव्यात टाकला म्हणतेय ना. पेटीत कशाला जाईल?"

थोरलीने घड्याळ पाहिलं. मग ती टेबलाशी बसली आणि ओवू लागली. मध्ये एका मण्याची जागा सोडायची, दोन्हीकडे तीस तीस. तिला वाटलं असेल, ओवता ओवता काहीतरी सुचेल.

मी तिला दोष देत नाही. पण मित्रांनो, ती माझ्याकडे बघत होती तेवढे दोन क्षण मला सगळ्यांत जड गेले.

खण सव्विसावा

सुचलं. पण ते धाकटीला.

तिने एक नवा मणी उचलला. त्याचं भोक बारीक कानशीने मोठं केलं. तेलाचं बोट फिरवून तो फडक्याने घासला, पुन्हा घासला. मग लहान पक्कड घेतली, श्वास रोखला आणि मण्याच्या कुशीवर दाबली.

कट्.

खूण उमटली.

तिने तो मणी थोरलीसमोर ठेवला. थोरलीचे हात थांबले.

"आईला ओळखू येत नाही म्हणाल्या ना त्या," धाकटी हळूच म्हणाली. "तिला मणी सापडेल. ती हाक मारेल. दोघी सुखात राहतील. आणि मी नीट शोधीन हो, रात्रंदिवस शोधीन. सापडला की बदलून देऊ."

"आणि नाही सापडला तर?"

धाकटी रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. खोटा मणी उचलला. आणि मधल्या जागेत ओवला. गाठ मारताना तिचा हात दोनदा चुकला. तिचा हात चुकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

खण सत्ताविसावा

पाचला आठ कमी असताना बाई आली.

"फेरी लवकर संपली," ती म्हणाली. "झाली का हो?"

थोरलीने माळ पुढे केली. बाईने ती दोन्ही हातांत घेतली. तिने डोळे मिटले आणि दमलेल्या माणसासारखा एकेक मणी पुढे ढकलत तिचा अंगठा चालत राहिला. मधल्या मण्यावर आला आणि थांबला.

तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या.

"आज हाक मारेल," ती म्हणाली. "किती द्यायचे?"

थोरली दोऱ्याच्या रिळाकडे बघत होती. जणू त्यावर काही लिहिलं आहे. एक क्षण गेला. दुसरा गेला. बाईने पिशवी उघडली.

"तो नाहीये." धाकटी.

"काय?"

"तो तुमचा दात नाही. तो मी केलाय. पकडीने. जाऊबाईंचा दोष नाही. तुमचा मणी माझ्या हातून हरवला."

बाईचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावरून निघायला त्याला जागा सापडेना. मग ते गेलं.

"दोष माझाही आहे," थोरली म्हणाली. "ओवला मी."

बाईने अंगठा मधल्या मण्यावरून काढला. बोलली तेव्हा आवाज सपाट होता. "घरी गेल्यावर आईचा अंगठा यावरून नुसताच पुढे गेला असता. मी म्हटलं असतं, संपलं. आता माझं नावही गेलं तिच्यातून. कळतंय का तुम्हाला काय केलं असतंत?"

दोघींच्या माना खाली.

तिने माळ टेबलावर ठेवली. आता ती जाणार, असं मला वाटलं. पण तिने खांद्यावरची पिशवी काढली, बाह्या वर केल्या आणि धाकटीला विचारलं, "गाडीत रोज काही ना काही हरवतं. छत्री, डबा, एकदा तर कवळी. आम्ही माणसाला विचारत नाही, कुठे ठेवलंत. ते खोटंच सांगतात, मुद्दाम नव्हे. आम्ही म्हणतो, चढलात तिथून परत चढा. हाताला आठवतं. कुठे उभ्या होतात तुम्ही?"

"इथे. पेटीसमोर."

"मग राहा उभ्या."

खण अठ्ठाविसावा

थोरलीने कात्री घेतली. नुकत्याच मारलेल्या गाठी तिने मधोमध कापल्या आणि खोटा मणी सोडवला. दोऱ्यात घालून एकतिसाव्याच्या मुठीला बांधला, पूर्वी होता तसाच.

"आता करा," बाई म्हणाली. "जसं केलंत तसं."

धाकटीने मूठ पुसली. सतराव्याकडे पाहिलं, एकतिसाव्याकडे पाहिलं. खण ओतल्यासारखं केलं. मग गाठ सोडली. मणी हातात आला.

हात सतराव्या खणाकडे गेला. आणि थांबला.

"नाही," ती म्हणाली. "हातात फडकं होतं माझ्या. खण आधीच आत सरकवला होता..." तिचा हात आपोआप वर आला. तिने मणी माझ्या डोक्यावर ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो तिने ठेवलाच नव्हता. "...आणि दार वाजलं."

बाईने टेबलावर बोटं आपटली. टक, टक.

धाकटी वळली.

मणी निघाला.

या वेळी तीन जणी बघत होत्या. तो सावकाश घरंगळला, मागे, उजवीकडे. कुणी हात पुढे केला नाही. कुणी श्वासही घेतला नाही. फटीच्या काठावर तो क्षणभर थांबला आणि दिसेनासा झाला.

माझ्या पोटातून आवाज आला. तो लाकडाच्या तळावर पडल्याचा नव्हता. लाकडी मणी लाकडी मण्यावर आदळला की जो येतो, तो.

टिक्.

"दोन आहेत!" थोरली ओरडली. "आत दोन आहेत!"

सगळे खण

अठ्ठेचाळीस खण जमिनीवर ओळीने मांडले गेले. तिघी मिळून. बाईच्या गणवेशाला गुडघ्यांवर धूळ लागली. मग थोरली एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला, धाकटीने पाय धरले, आणि नऊ वर्षांनी मी उलटी झाले.

थोरलीने पाठीवर थापटी मारली. काही नाही. दुसरी मारली.

एक मोडकी सुई पडली. दोन काचमणी. धुळीची एक गुंडाळी. पेन्सिलीचा एवढासा तुकडा, दोन्हीकडून तासलेला. थोरलीने तो चटकन उचलला आणि मुठीत लपवला. तो माझ्या सुताराचा होता, एका सांध्यात घट्ट अडकून बसलेला, आजवर कधी निघालाच नव्हता. मला घडवताना तो शोधून थकला होता आणि कानामागे दहा वेळा हात नेत होता. तेव्हाही मला सांगता आलं नव्हतं.

मग दोन मणी.

दोन्ही विटकरी. दोन्हींवर खूण. दोन्ही धुळीने माखलेले. धाकटीने तोंडावर हात ठेवला. आपणच केलेला मणी तिला ओळखता येईना.

बाईने डोळे मिटले. पहिला मणी अंगठ्याखाली घेतला.

"हा टोचतो."

दुसरा घेतला. अंगठा खोलगट जागेत गेला आणि तिथेच राहिला. त्या खुणेची धार चाळीस वर्षं दुसऱ्या एका अंगठ्याने उतरवली होती. पक्कड खूण करू शकते. ती मऊ करू शकत नाही.

थोरलीने तिथेच जमिनीवर बसून माळ पुन्हा ओवली. तोवर बाई धाकटीला म्हणाली, "बोललात ते बरं केलंत." आणि मग, "पण खूण मोठी केलीत हो. मी काय वाघीण होते?"

धाकटी रडता रडता हसली.

खण एकतिसावा, पुन्हा

आता मी आणखी जुनी झाले आहे. थोरलीला चष्मा लागला आहे. माझा पाय नवा आहे, फटीत लाकडाची पट्टी बसवली आहे, आणि वर्षातून एकदा दोघी मला उलटी करतात. धाकटीच त्याची आठवण काढते. "जाऊबाई, ढेकर!" असं ओरडते.

बाई दुसऱ्याच दिवशी सकाळी आली होती. फेरीच्या मध्ये, गाडी थांब्यावर उभी करून. आत आलीसुद्धा नाही. खिडकीतून म्हणाली, "मारली हाक," आणि पळाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी भिंतीला पाठ लावून उभं असेल. कपाट असेल, शिवणयंत्र असेल, आजोबांची लोखंडी पेटी असेल. ते डुगडुगायला लागलं की त्याखाली पुठ्ठा घालू नका. त्याला हलवा, उलटं करा, फटीत बोट घालून बघा. आम्ही तुमचं काही लपवत नाही. आम्हाला फक्त सांगता येत नाही. आणि दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलीत, तर ती काय आहे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मुठीवर बांधलेला मणी पुरत नाही.

एवढं सांगून मी सगळे खण बंद करते. एक सोडून.

एकतिसाव्याच्या मुठीला धाकटीने स्वतःच्या हाताने तो खोटा मणी बांधला आहे. नवीन आलेला माणूस मूठ बघतो आणि विचारतो, यात कसले मणी आहेत? धाकटी म्हणते, उघडून बघा.

तो उघडतो. खण स्वच्छ पुसलेला असतो. आत काहीच नसतं.